घरच्या रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटरमध्ये काय बदलावं, आणि कोणत्या क्रमानं

माइक आणला, जुन्या लॅपटॉपला जोडला, आणि पहिल्याच अभंगाला आवाज मधेच चटचट करू लागला, की चारचौघांकडून एकच सल्ला मिळतो: नवा कॉम्प्युटर घ्या. हा सल्ला घाईचा आहे. त्या चटचटीची कारणं पाच-सहा असू शकतात आणि त्यातली दोन-तीन तर एक रुपयाही न घालता जातात.

हा लेख परभणी, लातूर, नांदेड, बीड, धाराशिव अशा आपल्या भागातल्या त्या लोकांसाठी आहे, ज्यांना घरच्या एका खोलीत भजन, कीर्तन, भारूड, पॉडकास्ट किंवा आजीच्या जात्यावरच्या ओव्या नीट रेकॉर्ड करायच्या आहेत आणि कॉम्प्युटरचा फारसा अनुभव नाही. मोठ्या शहरातला माणूस लिहितो ते सल्ले एसीच्या खोलीत आणि स्थिर विजेवर बसून लिहिलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, रब्बीत सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, आणि धूळ तर बाराही महिने. त्यामुळे आपला खरेदीचा क्रम वेगळा असायला हवा. आधी नेमकं अडतंय कुठं ते शोधायचं आणि मग फक्त तिथंच पैसा घालायचा.

पायरी १ : एका वेळी किती माइक लागणार?

हे ठरवल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. एकटा माणूस बोलणार किंवा गाणार असेल तर एक माइक. स्वतः पेटी वाजवून गाणारा असेल तर दोन. भजनी मंडळ बसवायचं असेल तर गायक, पेटी, पखवाज आणि मागचे टाळकरी असे निदान चार. गोंधळाचं संबळ आणि तुणतुणं घ्यायचं असेल तरी तीन-चार लागतातच. संबळ इतकं जोरात वाजतं की ते गाणाऱ्याच्या माइकमध्ये शिरतंच, म्हणून वादकाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवावं लागतं. टाळांचंही तसंच. टाळकरी जितके लांब, तितकं मिक्सिंग (सगळे आवाज जुळवून एक करणं) सोपं.

दुसरा प्रश्न: सगळं एकाच वेळी रेकॉर्ड करणार, की आधी ठेका आणि मग त्यावर गाणं? एकावर एक चढवायचं असेल तर दोन इनपुटमध्ये (माइक लावायच्या दोन जागांत) अख्खं मंडळ रेकॉर्ड होतं, फक्त वेळ लागतो. पण भजनाची रंगत एकमेकांकडे बघून वाजवण्यात असते, त्यामुळे मंडळासाठी मी चार इनपुटच सांगेन.

पायरी २ : अडतंय कुठं, ते मोजा

नवा माणूस इथंच घाई करतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आधी एक हिशेब. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर (आवाज सेकंदाला किती वेळा आणि किती बारकाईनं मोजायचा, त्याचे हे आकडे) एका माइकचं एका मिनिटाचं रेकॉर्डिंग साधारण साडेआठ एमबी होतं. आठ माइक एकदम चालू असले तरी सेकंदाला सव्वा एमबीसुद्धा होत नाही. जुन्यातली जुनी हार्ड डिस्कही याच्या कितीतरी पट वेगानं लिहिते. म्हणजे नुसतं रेकॉर्डिंग हे कॉम्प्युटरसाठी जड काम नाहीच. जड असतं ते तीन ठिकाणी: गाताना आपलाच आवाज हेडफोनमध्ये लगेच ऐकवणं, मिक्सिंगला ट्रॅकवर रीव्हर्बसारखे (आवाजाला घुमारा देणारे) प्लगइन, म्हणजे आवाजावर काम करणारी छोटी जोड-सॉफ्टवेअर लावणं, आणि तबला-तानपुऱ्याच्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या तयार आवाजांचे साठे) उघडणं. तुमची अडचण या तिन्हींपैकी कोणती, ते ओळखा.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर जा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला तुमचा नेहमीचा प्रोजेक्ट वाजवत ठेवा. मेमरी सतत ८५ ते ९० टक्क्यांवर असेल तर रॅम (चालू कामाची मेमरी) कमी पडतेय. डिस्क शंभर टक्क्यांवर जाऊन अडकत असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर उत्तर मिळालं, एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या. मेमरी आणि डिस्क दोन्ही निवांत आहेत पण आवाज तुटतो, असं असेल तर दोन शक्यता राहतात: प्रोसेसर किंवा ड्रायव्हर (विंडोजला एखादा सुटा भाग चालवायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर).

यातला ड्रायव्हरचा दोष पकडायला लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर आहे, साध्या घरगुती वापराला ते फुकट मिळतं. ते पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून ठेवतोय त्याचं नावच ते दाखवतं. बऱ्याचदा गुन्हेगार वायफायचा ड्रायव्हर निघतो. वायफाय बंद करून पुन्हा बघा. चटचट गेली तर तुमचे नव्या कॉम्प्युटरचे सगळे पैसे वाचले.

प्रोसेसरबद्दल एक गोष्ट समजून घ्या. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर तीस-चाळीस टक्केच दिसतो आणि तरी आवाज तुटतो, असं होतं. कारण एका ट्रॅकवर एकामागून एक लावलेले प्लगइन सहसा एकाच कोरवर (प्रोसेसरच्या आतल्या अनेक कामकऱ्यांपैकी एकावर) चालतात. स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात तेव्हा मधला एक जण मागे पडला की खाली वीस मजूर उभे असूनही काम त्याच्याच गतीनं चालतं, तसंच हे. म्हणून जास्त कोरपेक्षा एका कोरचा वेग महत्त्वाचा. रीपरसारख्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स मीटर असतो, कोणता ट्रॅक किती भार टाकतोय ते त्यात वेगळं दिसतं.

पायरी ३ : पैसे घालण्याआधी हे करून बघा

बफर साइज, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती तुकडे (सॅम्पल) साठवून मग पुढं सोडतो, हा सगळ्यात कामाचा आकडा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेला सुमारे २.७ मिलिसेकंद उशीर, आणि १०२४ चा म्हणजे २१.३. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, असा हा उशीर दोनदा धरायचा, वर ड्रायव्हर आणि इंटरफेसचे आणखी काही मिलिसेकंद. एकूण दहाच्या आसपास असेल तर बहुतेक गायकांचं निभावतं. चाळीसच्या पुढे गेलं की गाणारा लयीतून सुटतो. रेकॉर्ड करताना बफर १२८ किंवा २५६ ठेवा. मिक्सिंगला बसताना १०२४ करा, कारण तेव्हा उशिरानं काही बिघडत नाही आणि प्रोसेसरला श्वास मिळतो. अनेक जण एकच आकडा कायम ठेवतात आणि मशीनला दोष देतात.

सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झच्या वर नेऊ नका. ९६ केलं की फाइल दुप्पट, प्रोसेसरचा भार जवळपास दुप्पट, आणि मोबाइलवर ऐकणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही. बिट मात्र २४ च ठेवा. त्यामुळे आवाज थोडा कमी पातळीवर घेता येतो आणि गायकानं एकदम वरचा षड्ज लावला तरी आवाज फाटत नाही.

लॅपटॉपचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा. मिक्सिंगमध्ये एखादा ट्रॅक पक्का झाला की तो फ्रीझ करा, त्याच्यावरच्या प्लगइनचं काम एकदाच करून ठेवलं जातं आणि भार उतरतो. क्लाउडवर आपोआप फाइली चढवणारं जे काही असेल ते रेकॉर्डिंगपुरतं थांबवा. हे सगळं करूनही अडत असेल तरच पुढं वाचा.

पायरी ४ : पहिली खरेदी ऑडिओ इंटरफेसची

लॅपटॉपच्या छोट्या माइकच्या भोकात माइक खुपसून रेकॉर्ड करत असाल, तर रॅम आणि प्रोसेसरचा विचारच बाजूला ठेवा. त्या भोकामागचं सर्किट व्हिडिओ कॉलसाठी केलेलं असतं, त्यात सळसळ येतेच. शिवाय विंडोजचा साधा साउंड ड्रायव्हर उशीर फार लावतो. यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि कॉम्प्युटरच्या मधली डबी, घेतला की माइकचा प्रीअँप (बारीक आवाज मोठा करणारं सर्किट) चांगला मिळतो, कंडेन्सर माइकला (जास्त संवेदनशील, विजेवर चालणारा माइक) लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर मिळते, आणि एएसआयओ या खास ऑडिओ ड्रायव्हरमुळे उशीर घटतो. जुन्या लॅपटॉपवरसुद्धा हा फरक लगेच कानाला कळतो.

घेताना तीन गोष्टी तपासा. पहिली, कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का. बेहरिंगरचा यूएमसी२२ स्वस्त पडतो, पण तो १६ बिटचा आहे आणि विंडोजवर त्याला एएसआयओ४ऑल या सगळ्यांसाठीच्या ड्रायव्हरवर भागवावं लागतं. थोडे पैसे वाढवून त्याच कंपनीचा यूएमसी२०२एचडी घेतला तर २४ बिट आणि स्वतंत्र ड्रायव्हर दोन्ही मिळतं. नव्या माणसाला मी हाच किंवा फोकसराइटचा स्कारलेट २आय२ सुचवतो. मंडळासाठी यूएमसी४०४एचडीला चार माइक लागतात.

दुसरी, प्रीअँपचा गेन, म्हणजे तो आवाज किती मोठा करू शकतो. तुम्ही डायनॅमिक माइक (जवळचाच आवाज घेणारा, फँटम पॉवर न लागणारा) वापरणार असाल आणि बोलणारा हळू आवाजाचा असेल तर ५५-६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो. स्कारलेटच्या तिसऱ्या पिढीत तो ५६ आहे, चौथीत ६९. घरात रस्त्याचा, कुत्र्यांचा, शेजारच्या मिक्सरचा आवाज येत असेल तर माझं मत डायनॅमिक माइकच्या बाजूनं आहे, कंडेन्सर अख्खी गल्ली टिपतो. शुअरच्या एसएम५८ च्या नकला बाजारात भरपूर आहेत, म्हणून तो ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच आणि पक्क्या बिलावर घ्या.

तिसरी, डायरेक्ट मॉनिटरचं बटण. या बटणानं माइकचा आवाज कॉम्प्युटरच्या आत न जाता थेट हेडफोनला येतो आणि गायकाला जवळपास काहीच उशीर जाणवत नाही. आवाज उशिरा येतो म्हणून नवा प्रोसेसर शोधणाऱ्या निम्म्या लोकांचं काम या एका बटणानं होतं, असं मला वाटतं. तोटा एवढाच, की गाताना हेडफोनमध्ये कॉम्प्युटरमधला रीव्हर्ब ऐकू येत नाही.

यूएसबीच्या वेगाची चिंता सोडून द्या. आठ माइकनाही यूएसबी २.० चा छोटासा हिस्साच लागतो. पण इंटरफेस हबमधून जोडू नका. थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा आणि माउस, पेनड्राइव्ह दुसऱ्या बाजूच्या पोर्टला.

पायरी ५ : एसएसडी आणि रॅम

मशीनमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर कॉम्प्युटरच्या आतला पहिला बदल एसएसडीचाच. वेग तर वाढतोच, शिवाय हार्ड डिस्कची घरघर बंद होते, जी शांत खोलीत माइकमध्ये उतरते. २.५ इंची साटा एसएसडी (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) जवळपास कुठल्याही जुन्या लॅपटॉपमध्ये बसते आणि सेकंदाला ५५० एमबीपर्यंत वाचते. एनव्हीएमई या नव्या जोडणीची एसएसडी त्याच्या कितीतरी पट पळते, पण रेकॉर्डिंगला तो फरक कळत नाही. मोठ्या सॅम्पल लायब्ररी असतील तरच कळतो. मदरबोर्डवर एम.२ ची खाच दिसली म्हणजे एनव्हीएमई चालेलच असं नाही, काही खाचा फक्त साटाच्या असतात. मॉडेलचं नाव टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर बघूनच मागवा. ५०० जीबीच्या खाली जाऊ नका. जुनी हार्ड डिस्क फेकू नका, डबीत बसवून बॅकअपला वापरा. विंडोज नव्यानं टाकणं हे जुनं क्लोन करण्यापेक्षा बरं, वर्षानुवर्षांचा कचरा निघून जातो.

रॅम किती? फक्त माइकचं रेकॉर्डिंग आणि साधं मिक्सिंग असेल तर ८ जीबीत भागतं. तबला, तानपुरा, व्हायोलिनच्या लायब्ररी वापरणार असाल तर १६. ३२ चा आग्रह नव्या माणसानं धरू नये, त्यातही २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत ते दिसतं. पातळ लॅपटॉपांमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असते, तिथं वाढवायचा प्रश्नच नाही. दुकानात जाताना जुन्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्या, बोलण्यातला गोंधळ वाचतो.

ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. आवाजाला त्याचा उपयोग नाही, उलट एक पंखा आणि भरपूर उष्णता घरात येते.

पायरी ६ : मशीनच बदलायचं असेल तर

प्रोसेसरच अडवतोय हे पायरी २ मध्ये सिद्ध झालं असेल तर लॅपटॉपमध्ये उपाय नाही, बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसर बदलता येत नाही. अशा वेळी मी डेस्कटॉप सुचवतो. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर हे जुने पण दणकट डेस्कटॉप नव्याच्या मानानं बरेच स्वस्त मिळतात. ऑफिसात वापरायचे म्हणून त्यांचे पंखेही साधारण शांत असतात.

यात एक रेघ पक्की मारून ठेवा: इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच चालतं, टीपीएम २.० या सुरक्षेच्या चिपसह. चौथ्या-सहाव्या पिढीचा आय७ दाखवून कुणी दुप्पट पैसे मागितले तर देऊ नका, नंतरच्या पिढीचा साधा आय५ जास्त उपयोगी. या ऑफिसच्या मशीनचा पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड बऱ्याचदा कंपनीच्या खास मापाचे असतात. बिघडले की बाजारातला साधा सुटा भाग बसत नाही, म्हणून निदान काही महिन्यांची दुकानाची वॉरंटी लिहून घ्या. घेताना दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये एसएसडीची तब्येत बघा आणि पंख्याला कान लावा.

नवा डेस्कटॉप जुळवून घेणार असाल तर प्रोसेसरवर थोडं कमी खर्चून तो पैसा चांगल्या एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) घाला. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला ४५० वॉट, ८० प्लस ब्राँझ (वीज वाया न घालवण्याची प्रमाणित पातळी) पुरेसा आहे. बिननावाचा स्वस्त एसएमपीएस आपल्याकडच्या चढ-उतारात टिकत नाही, आणि जाताना मदरबोर्ड घेऊन जातो.

पायरी ७ : पंखा, ऊन आणि धूळ

उन्हाळ्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप उघडला की त्याचा पंखा विमानासारखा सुरू होतो आणि तो आवाज प्रत्येक ट्रॅकमध्ये उतरतो. शिवाय प्रोसेसर ९५ अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, म्हणजे हिवाळ्यात नीट चालणारा प्रोजेक्ट मे महिन्यात तुटायला लागतो. या तक्रारीला नवा प्रोसेसर हे उत्तर नाही.

आधी साफसफाई. आपल्या काळ्या मातीची धूळ बारीक असते, हीटसिंकच्या पातींत जाऊन थर धरते. जिनिंगच्या आसपास घर असेल तर वर कापसाचा तंतूही बसतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं किंवा काडीनं धरून ठेवा, मोकळं फिरू दिलं तर बेअरिंग जातं. तीन-चार वर्षांची मशीन असेल तर थर्मल पेस्ट बदलून घ्या. हे काम स्वस्त आहे आणि तापमान बऱ्यापैकी खाली येतं.

लॅपटॉपसाठी एक फुकटचा उपाय: पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के करा. बहुतेक लॅपटॉपमध्ये यानं टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव वेग) बंद होतो, उष्णता घटते, पंखा मंदावतो. रेकॉर्डिंगला हे ठेवायचं आणि मिक्सिंगला पुन्हा १०० करायचं.

डेस्कटॉपमध्ये मोठा पंखा शांत असतो. १२० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा देतो, जेवढी द्यायला ८० मिलिमीटरच्याला किंचाळावं लागतं. प्रोसेसरसोबत येणारा छोटा कूलर काढून १२० मिलिमीटरचा टॉवर कूलर बसवणं, ही रेकॉर्डिंगवाल्यासाठी सगळ्यात समाधान देणारी खरेदी आहे असं मी मनापासून सांगतो. कॅबिनेटला पुढं जाळीचा धूळफिल्टर हवाच, आणि तो दर महिन्याला धुवायचा.

याहूनही चांगलं म्हणजे मशीनच खोलीबाहेर काढणं. यूएसबी २.० ची साधी केबल पाच मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, पण माइकची एक्सएलआर (तीन पिनांची) केबल बॅलन्स्ड, म्हणजे वाटेतला गोंगाट कापणारी, असते, ती वीस-पंचवीस मीटरही बिनधास्त जाते. म्हणजे कॉम्प्युटर आणि इंटरफेस बाहेरच्या खोलीत ठेवायचे आणि फक्त माइक व हेडफोनची वायर दाराखालून आत घ्यायची. हे जमत नसेल तर माइकची पाठ तरी कॉम्प्युटरकडे करा. कार्डिऑइड माइक, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा, मागचा आवाज कमी घेतो.

खोलीबद्दल एवढंच: घरात जुनं माळवद असेल तर तीच खोली निवडा. जाड भिंती आणि मातीचं छत बाहेरचा आवाज अडवतात, गारवाही ठेवतात. नव्या स्लॅबच्या खोलीत आवाज घुमतो, तिथं गायकाच्या मागं आणि दोन्ही बाजूंना जाड वाकळा टांगा. पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात काही जमायचं नाही. छताचा पंखा आणि कूलर रेकॉर्डिंगपुरते बंद ठेवावे लागतात, म्हणून उन्हाळ्यात पहाटेची वेळ धरा, पाखरं जागी व्हायच्या आत.

पायरी ८ : लाइट, अर्थिंग आणि तो ‘घूंऽऽ’

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. रेकॉर्डिंगमध्ये सतत जाडसर घूं येत असेल तर तो याच ५० आणि त्याच्या १००, १५० अशा पटींचा आवाज असतो. माइक, इंटरफेस, कॉम्प्युटर यांतलं काहीही बदललं तरी तो बहुतेकदा जात नाही, कारण तो सहसा भिंतीतल्या विजेतून येतो.

परीक्षा सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. घूं गेला तर दोष चार्जर किंवा अर्थिंगचा. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर शंका पक्की झाली. इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटरनं मोजायला सांगा: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थमध्ये काहीच येत नसेल तर तीन पिनांचं सॉकेट असूनही अर्थिंग जोडलेलंच नाही. जुन्या घरांत हे सर्रास आढळतं. स्वतः बोर्ड उघडू नका.

अर्थिंगचा खड्डा असूनही उन्हाळ्यात घूं वाढतो, त्याचं कारण आपल्या जमिनीत आहे. काळी माती सुकली की भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते आणि रोध वाढतो. मार्च ते जून त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर तो ताजा करून घ्या. शेकड्यात होणारं हे काम हजारोंच्या इंटरफेसपेक्षा जास्त फरक पाडतं.

स्पीकर जोडल्यावरच घूं येत असेल तर ती बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थला जोडलेल्या वस्तूंमधून फिरणारा प्रवाह. कॉम्प्युटर, इंटरफेस आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या आणि स्पीकरला टीआरएस पिनेच्या बॅलन्स्ड केबल लावा. अर्थची पिन तोडून घूं घालवायचा सल्ला कुणी देतं, तो कधीही मानू नका. पिन तुटलेल्या मशीनचा शॉक जीव घेऊ शकतो, आणि गायकाचे ओठ माइकच्या धातूच्या जाळीला लागलेले असतात.

आता लाइट जाण्याचं. लॅपटॉपवाल्यांना त्याची बॅटरीच यूपीएस आहे. डेस्कटॉपला लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस लागतो, ज्यात व्होल्टेज सांभाळणारी एव्हीआरची सोय असते. त्यामुळे व्होल्टेज जरा पडलं तरी तो लगेच बॅटरीवर उडी मारत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला फाइल सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ देतो. त्यावर रेकॉर्डिंग चालू ठेवायचा प्रयत्न करू नका. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर रेकॉर्डिंगमध्ये बारीक भुणभुण येते. पुढचा इन्व्हर्टर घ्याल तेव्हा प्युअर साइन वेव्हचा घ्या. तोवर लाइट गेली की लॅपटॉप चार्जरवरून काढून नुसत्या बॅटरीवर चालवा. रीपरमध्ये ठरावीक मिनिटांनी प्रोजेक्ट आपोआप सेव्ह करायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा.

पायरी ९ : रेकॉर्डिंग जपायची सोय

हे खरेदीच्या यादीत नसतं आणि असायलाच हवं. नव्वदीतल्या आजीनं जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या पुन्हा मिळणार नाहीत. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तीन प्रती ठेवा: एक कॉम्प्युटरमधल्या एसएसडीवर, एक वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर, आणि एक घराबाहेर, क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. एसएसडी बिघडताना बहुधा आधी इशारा देत नाही, आणि बंद करून कपाटात ठेवलेल्या एसएसडीवरचा डेटा वर्षानुवर्षं टिकेल असं धरू नका. कपाटातल्या प्रतीसाठी साधी हार्ड डिस्कच बरी, पायरी ५ मधली डबीतली जुनी डिस्क चांगल्या अवस्थेत असेल तर तीही चालेल. मूळ डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबलेली) फाइल ठेवा, नुसती एमपी३ नको.

पैसे थोडे असतील तर

समजा हातात जुना लॅपटॉप आहे आणि सगळं एकदम घेता येत नाही. मी हा क्रम धरेन: आधी साफसफाई, सेटिंग आणि अर्थिंगची तपासणी. मग दोन इनपुटचा इंटरफेस आणि एक चांगला डायनॅमिक माइक. सोबत बंद कपांचे हेडफोन, कारण उघड्या कपांतून ठेका गळून माइकमध्ये शिरतो. त्यानंतर एसएसडी. रॅम गरज दिसली तरच. नवी मशीन सगळ्यात शेवटी, आणि तीही लेटन्सीमॉन व परफॉर्मन्स मीटरनं तसं दाखवल्यावर.

एका वेळी एकच बदल करा. प्रत्येक बदलाआधी आणि नंतर एक मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा, गेन तोच ठेवून, की ज्या गेनवर तुमचा गाण्याचा आवाज उणे १२ डेसिबलपर्यंत जातो. शांततेची पातळी मीटरवर उणे ५५ ते ६० च्या खाली असेल तर ती खोली आणि ती मशीन गाण्याला तयार आहे. वर असेल तर हेडफोन लावून ते एक मिनिट ऐका: सळसळ असेल तर प्रीअँप, घरघर असेल तर पंखा किंवा डिस्क, घूं असेल तर वायरिंग. या सगळ्या फाइलींना तारीख आणि बदलाचं नाव देऊन एका फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे दुकानदाराकडे वस्तू परत करायची वेळ आली तर बिलासोबत त्याला ऐकवायला पुरावाही हाताशी राहील.